हिरव्या बाटलीच्या भट्टीची अखेर

श्रीअग्नीचे पायी मस्तक ठेवोन आणि विझल्या चुलींचे स्मरण करोन वर्तमान लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे बत्तीस, विकृतिनाम संवत्सरे, वैशाख मासी एका राज्यात बाटली आणि डबा यांचे युद्ध जाहले. महाराज जवाची बीर करवीत आणि हिरव्या काचेच्या बाटलीत भरोन दाही दिशा पाठवीत. बाटल्यांची भट्टी सुभानजी भट्टीकर यांचे हाती. भट्टीचा नेम ऐसा की आग विझो द्यावयाची नाही. विझली तर आतील काच गोठोन भट्टी तडकते आणि मग ती कोणाच्याने पुन्हा पेटत नाही. म्हणोन सव्वीस वर्षे सणासुदीस देखील माणसे आळीपाळीने राबली आणि चाळीस घरे त्या आगीवर जेविली. हिरवा रंग सुभानजींनीच काढिला होता. काच तपकिरी करा, ऊन अडेल, ऐसे कोणी सुचविले, तेव्हा काढ्याच्या बाटल्या करावयास मी बसलो नाही, म्हणोन त्यांनी उडवोन लाविले. अभिमान मोठा, काय सांगावे.

मग परमुलखातून अ‍ॅल्युमिनियमचा डबा आला. तो हलका, घाटात फुटेना, आणि एका गाडीत माल दुप्पट बसे. महाराजांचे मन चळले, परंतु भट्टीची माया सुटेना. तेव्हा कारभारी जिवाजीपंत यांनी मसलत दिली की, दोहींत एकच बीर भरोन महिनाभर उन्हात ठेवावी आणि जिची चव बिघडेल तिचे भांडे मोडीत काढावे. चव सुभानजींनी पाहावी, कारण तैसी जीभ राज्यात दुसरी नव्हती. आणि आपला माणूस आपली भट्टी राखील, हेही पंतांचे मनात होते. मग भर दरबारी डोळे बांधोन दोन पेले दिधले. सुभानजींनी दोन्ही चाखिले आणि त्यांचे तोंड उतरले.

"पहिली उन्हाने नासली आहे, महाराज. ती माझ्याच बाटलीतली."

पंत हळूच बोलिले, "सुभानजी, पुन्हा एकवार चाखा. घाई नाही."

"दहा वेळा चाखली तरी नासकीच लागणार, पंत. रंग मी निवडला, चूक माझी आहे."

महाराजांनी मान फिरविली आणि हुकुमावर शिक्का केला. आग विझवावयाची ती भट्टीकरानेच, ऐसा रिवाज. तोही सुभानजींनी पाळिला. तिसरे दिवशी भट्टी तडकली, तो आवाज साऱ्या आळीस ऐकू गेला आणि घरचे माणूस गेल्याप्रमाणे बायका रडल्या. मग एकेक घर उठो लागले. सुभानजींची बायको चिमाबाई सामान बांधिता बांधिता बोलली, "एक शब्द खोटा बोलला असता, तर कुणाचं काय गेलं असतं?"

"लोकांनी नासकी बीर प्यायली असती."

"आणि आळीतली पोरं जेवली असती."

सुभानजींनी बांधिलेले बोचके खांद्यावर घेतले.

सारांश, डबा बीर राखितो, त्यास दोष नाही. सुभानजी खरे बोलिले, त्यांसही दोष देववत नाही. चाळीस घरे मात्र कोठे गेली, हे लिहिणारास ठाऊक नाही. इति.