विरोधी संवत्सरीं स्थळांचे दप्तरास कुलूप घातल्याची हकीकत

श्रीगजाननें विघ्न टाळावें आणि विजेनें भरकामांत जाऊं नये, इतकें मागून लिहितों. शके एकोणीसशें एकतीस, विरोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, लग्नसराई तोंडावर. एक राज्य होतें. मुलूख म्हणाल तर दोन खोल्या, आणि उद्योग लग्नें जुळविण्याचा. गादीवर अध्यक्ष विश्रामराव. विधुर, रुबाबदार, परंतु मनांतलें ओठावर यावयास वर्ष लागे ऐसा पुरुष. चिटणिशी कमलिनीबाईंकडे; बाई विधवा, कामास वाघीण आणि जिभेस धार. खजिनदार दत्तोपंत, संशय हाच त्यांचा दोन वेळचा आहार. आणि संगणकाचे जाणते मोरेश्वर. राज्याचीं सगळीं स्थळें एका संगणकी दप्तरांत नोंदलेलीं, तें चौघांचेही यंत्रांवरून उघडे, आणि शिरस्ता ऐसा कीं, लग्न ठरल्यावांचून कोणाची नोंद काढूं नये. दप्तरास कुलूप मात्र नव्हतेंच.

तों समोरचे गल्लींत दुसरें वधूवर मंडळ उभें राहिलें, आणि दत्तोपंतांनीं हाकाटी केली, "आपली स्थळं पळवतील, पासवर्ड घाला!" मग सदर भरली, आणि अध्यक्षांची आज्ञा जाहली, आणि मोरेश्वर आपले यंत्रावर परवलीचा शब्द घालूं गेले, तों यंत्रानें साफ नकार दिला. मोरेश्वर म्हणाले, "दप्तर एकट्यानं उघडलं असेल तरच कुलूप बसतं. आत आणखी कोणीतरी आहे." मग दप्तर मिटून पुन्हां उघडिलें, आणि यंत्र बंद करून चालू केलें, आणि दत्तोपंतांनीं उदबत्तीही लाविली, आणि यंत्राचें म्हणणें तेंच. तेव्हां दत्तोपंतांस मोठा हर्ष जाहला. बोलिले, "दिवसभर दप्तरात बाईच असतात. फितुरी दुसऱ्या कोणाची?" बाई पदर खोचून उठल्या. "बारा वर्षं लोकांचे संसार जुळवले, आणि आज मी फितूर? ही घ्या किल्ली, चिटणिशी सोडली. पण आधी प्रत्येकाचं यंत्र बघायचं, मगच मी उंबरा ओलांडीन." अध्यक्षांचा चेहरा उतरला. बाई गेल्यावर राज्यांत राहतें काय, हें त्यांस पक्कें ठाऊक. परंतु शब्द फुटेना. मग बाईंचें यंत्र पाहिलें, दप्तर बंद. खजिनदारांचें पाहिलें, तेथें पत्त्यांचा डाव अर्धा मांडलेला, आणि दत्तोपंत खोकूं लागले. राहिलें अध्यक्षांचें. ते आडवे येऊन बोलिले, "आमचं यंत्र जुनं आहे, त्याला त्रास देऊ नये." बाईंनीं त्यांस बाजूस सारिलें, आणि पडद्याचे तळाशीं दडविलेली खिडकी वर काढिली, तों दप्तर उघडें, आणि समोर नोंद पहिली. ही नोंद बाईंचीच. दप्तर नवें असतां चालतें कीं नाहीं हें पाहावयास त्यांनीं नमुना म्हणून स्वतःची माहिती भरिली होती: कमलिनी, विधवा, स्वयंपाक उत्तम, स्वभाव तापट, अपेक्षा: माणूस बोलका हवा. ती पुसावयाची राहून गेली.

बाई म्हणाल्या, "हे कधीपासून उघडं आहे?"

"रोज उघडतो," अध्यक्ष बोलिले. "मिटवत नाही."

"मग विचारायला काय धाड भरली होती?"

"अपेक्षेत बोलका लिहिलंय. मी त्यात बसत नाही."

इतकें सलग बोलणें त्या गादीवरून पूर्वीं कोणी ऐकिलें नव्हतें. बाईंनीं डोळ्यांस पदर लाविला, किल्ली उचलून पुन्हां कमरेस खोविली आणि मोरेश्वरांस म्हणाल्या, "अध्यक्षांचं दप्तर मिटा. आणि कुलूप घालायच्या आधी माझी नोंद काढा."

येणेंप्रमाणें दप्तर सुरक्षित जाहलें, राज्य राहिलें, आणि खजिनदारांस आहेर करावा लागला, तो त्यांनीं कुरकुरत केला. अध्यक्ष हल्लीं अखंड बोलतात, सभा आवरतां आवरत नाहीं. परवलीचा शब्द तेवढा सांगत नाहींत. विचारिला असतां बाईंकडे पाहून लाजतात, त्यावरून तो साऱ्या राज्यास ठाऊक आहे.