गौराक्कांची झोपेची परीक्षा

गौराक्का माणसाची पारख करायच्या ती माणूस झोपल्यावर. जागेपणी सगळेच गोड बोलतात, असं त्यांचं म्हणणं. मैंदर्गीला भाचीसाठी स्थळ बघायला गेल्या, तर जेवणं झाल्यावर मुलालाच म्हणाल्या, "पडा जरा." तो बिचारा बैठकीत आडवा झाला. डोळा लागल्यावर यांनी उशाशी चमचा पाडला. मुलगा कूस बदलून घोरू लागला. "पोरीला दुकलं-खुपलं तर ह्यो उटायचा न्हाय," म्हणाल्या, आणि लग्न तिथंच मोडलं.

सोलापुरात त्या आमच्या शेजारी राहायच्या. मधली भिंत एकच. मालक वारलेले, मूलबाळ नाही. मला 'तम्मा' म्हणायच्या. कानडीत धाकटा भाऊ.

आई न्हाणीत घसरली, मांडीचं हाड मोडलं आणि घराची घडीच विस्कटली. मी नवी पेठेत कापडाच्या दुकानात, बायको शाळेत शिकवायला. आईजवळ कोण? घरातच राहणारी बाई ठेवावी, की दिवसाची एक अन् रात्रीची एक, की नुसती रात्रीपुरती? आम्ही नवरा-बायको यावर भांडत बसलो. तेवढ्यात गौराक्का वाकळ काखोटीला मारून हजर.

"तुमचं ठरस्तोवर रात्री मी हाय. पन बाई मला दाखवल्याबिगर ठेवायची न्हाय."

आईची खाट मधल्या भिंतीला लागून होती. पाणी लागलं की ती फुलपात्र वाजवायची आणि खाली वाकळेवरून गौराक्का म्हणायच्या, "आले की!" महिनोन्महिने अंथरुणाला खिळूनही आईच्या पाठीला एक जखम झाली नाही, ती त्यांच्यामुळं. ते उपकार आम्ही अजून विसरलेलो नाही.

मग बायका येऊ लागल्या. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरलेला, ज्वारी जपून वापरायचे दिवस. तरी प्रत्येकीला भाकरी, शेंगाची चटणी, वर ताक. मग हुकूम, "आता झोप दाखव." पहिली बाई दचकून "कोन मेलं?" म्हणून ओरडली. दुसरी जागी झाली, पण डोळे मिटून पडून राहिली. ते यांनी पापणीवरून ओळखलं. तिसरीला झोपच येईना. सगळ्या नापास. आमचा पिठाचा डबा तळाला गेला. बायको कुजबुजली, "यांना कुणाला पास करायचंच नाहीये." मलाही तसंच वाटू लागलं होतं.

शेवटी मोडनिंबहून काशीबाई आल्या, राहायच्या तयारीनंच. जेवल्या, पडल्या, डोळा लागला. गौराक्कांनी फुलपात्र नुसतं नखानं वाजवलं. काशीबाई हळूच उठून बसल्या.

"पानी पायजे का, आई?"

गौराक्कांनी फुलपात्र जागेवर ठेवलं. "पुन्हा झोपवू का?" मी गमतीनं विचारलं.

"नगं. पास हाय. लई चांगली हाय." त्या वाकळ गुंडाळू लागल्या. गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "मालक गेल्यापास्नं माज्या घरात कुनी भांडं वाजवलं न्हाय बग, तम्मा. हितं वाजायचं, बरं वाटायचं."

आणि वाकळ काखोटीला मारून त्या गेल्यासुद्धा.

संध्याकाळी काशीबाईंनी खाटेशेजारी अंथरूण घातलं. आई म्हणाली, "बाई, दिवसभर तुम्ही माझं करा. रात्री आत निवांत झोपा. रात्रीचं माणूस आहे माझं."

आणि तिनं फुलपात्र उचलून मधल्या भिंतीवर वाजवलं.

पलीकडून लगेच आवाज आला, "आले की!"