बरंभाऊंची तेलविहिरीवरील स्वारी

ऐकावे सकळ सुज्ञांनी, चित्त सावध करोन. हल्ली आमच्या गल्लीत तेलविहिरीच्या मोहिमेच्या पाच-सहा हकिकती चालतात. न्हाव्याच्या खुर्चीत एक सांगतात, दंतवैद्याकडे तोंड उघडे असता दुसरी ऐकू येते, आणि जो तो आपण त्या रणी जातीने हजर होतो ऐसे छातीवर हात ठेवोन बोलतो. सबब कोण कचरले, कोण टिकले आणि अखेर काय घडले, हे एकवार कागदावर यावे म्हणोन हा लेख सिद्ध केला. यात पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास शोभेपुरते.

तरी प्रथम नायकाचे वर्णन. अखंडवाफमंडित, इस्त्रीधुरंधर, डागनिर्दाळक राजश्री बरंभाऊ हे कोपऱ्यावरील लाँड्रीचे अधिपती. दुकानाच्या परवान्यावर यांचे नाव निराळे आहे, परंतु ते कोणास ठाऊक नाही. कारण यांस कोणी काहीही म्हणो, यांच्या मुखातून 'बरं' हा एकच शब्द निघे. एका गिऱ्हाइकाने पुसले की आमच्या वाद्यवृंदात झांज वाजवाल काय, तेव्हा बरं म्हणाले, आणि मग तीन वर्षे दर शनिवारी झांज वाजवीत राहिले, आणि झांजेचा आवाज यांस मुळीच सोसत नसे. समोरच्याचा चेहरा पडावा हे यांस पाहवत नसे, इतकेच त्याचे मूळ. मग दौलतीचा सारा नकार त्यांच्या पत्नी, गल्लापतीण बाईसाहेब, यांजकडे चाले. उधारी मागणारे, वर्गणी मागणारे, एका दिवसात कोट धुऊन मागणारे, सर्वांस बाईसाहेब एका शब्दात वाटेस लावीत, आणि बरंभाऊ आत बॉयलरच्या आडोशास उभे राहोन ते ऐकत.

हा बॉयलर म्हणजे त्या दौलतीचा प्राण. वय फार जाहले होते. वाफेबरोबर तांबडे पाणी थुंकावे ऐसी खोड त्यास लागली होती, आणि शुभ्र सदऱ्यांवर त्याची मोहोर उठे, आणि गिऱ्हाईक तुटत चालले होते. इस्त्रीवरच्या दोघी बायका चिंतेत होत्या, की हा बसला तर आपणही घरी बसणार. म्हणोन नव्या बॉयलराकरिता रक्कम साठवीत आणिली होती.

ऐसे असता बाईसाहेबांचे धाकटे बंधू दुकानी दाखल जाहले. यांचा किताब 'संधीसाहेब', कारण यांचे प्रत्येक बोलणे 'ही संधी आहे' ऐसे सुरू होई. पूर्वी यांणी ससे पाळले, मग अळंबी लाविली, आणि ससे अळंबीत शिरले, आणि दोन्ही राज्ये एकाच दुपारी बुडाली. परंतु उमेद कायम. यांणी काउंटरावर एक रंगीत पुस्तिका पसरली. तीत एका लोखंडी मनोऱ्यातून काळे कारंजे उडत होते, आणि खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात लिहिले होते की असे घडेलच याची हमी नाही. संधीसाहेबांचे निवेदन ऐसे, की अडीच हजार मीटर खाली तेल आहे, निदान असावे, आणि विहीर खणणाऱ्या कंपनीस भागीदार हवेत, आणि भावोजींनी आज हात घातला तर उद्या लाँड्री चालविण्याची गरजच नाही.

बरंभाऊ म्हणाले, "बरं."

बाईसाहेब त्या समयी भाजी आणावयास गेल्या होत्या. परत आल्या तो समुद्रकाठच्या सफरीकरिता ठेविलेली शिल्लक जमिनीखाली रवाना जाहली होती. मग बाईसाहेबांनी मौनाची तोफ डागिली. तीन दिवस घरात भांड्यांखेरीज कोणी बोलले नाही.

चार महिने लोटले आणि कंपनीचा खलिता आला. मजकूर ऐसा, की विहीर एकवीसशे मीटरांवर पोहोचली आहे, चिन्हे उत्साहवर्धक आहेत, आणि उरलेल्या खोलीकरिता दुसरा हप्ता हवा आहे. रविवारी सर्व भागीदारांनी विहिरीवर यावे, भोजन कंपनीकडून, आणि चेक सोबत आणावा. त्याच सांजेस संधीसाहेबांचा फोन आला. काय बोलणे जाहले ते एका बाजूचेच ऐकू आले. बरंभाऊ "बरं" म्हणाले, आणि मग "बरं बरं" म्हणाले, आणि बॉयलरची सगळी रक्कम चेकावर लिहोन, सही करोन, सदऱ्याच्या खिशात ठेविली.

लाँड्रीवाल्याच्या घरी खिशातले काही लपत नाही. बाईसाहेबांनी सदरा धुवावयास उचलिला आणि चेक हाती आला. इस्त्रीवरच्या दोघींनी इस्त्र्या उभ्या केल्या. आता हा कागद फाटणार ऐसे सर्वांस वाटले. परंतु बाईसाहेबांनी तो घडी करोन परत त्यांच्या हाती ठेविला.

"मी नाही फाडणार," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं तुमचे सगळे नकार मी देतेय. लोक मला खाष्ट म्हणतात आणि तुम्हाला देवमाणूस. हा नकार तुमचा तुम्ही द्या."

"मी फोन करून सांगतो."

"फोनवर तुम्ही बरं म्हणता. समोर जाऊन सांगायचं. मी सोबत येईन, पण एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं, तर देऊन टाका चेक, आणि दुकानाला कुलूप लावू."

हे फर्मान सुटले. दुसऱ्या दिवसापासोन नकाराची कवायत सुरू जाहली. प्रथम हँगरास नकार दिले. हँगर निमूट ऐकोन घेत, तेणेकरोन धीर आला. मग जिवंत शत्रूवर सराव करावा म्हणोन इस्त्रीवरच्या थोरलीस हुकूम केला, की तू मजकडे काही माग. ती बाई म्हणाली, "मालक, उद्या सुट्टी द्या." बरंभाऊ म्हणाले, "ना…" आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "बरं." मग धाकटीसमवेत सराव केला. तिलाही सुट्टी मिळाली. येणेप्रमाणे शनिवारी इस्त्री बंद राहिली आणि सैन्याची तयारी जेथची तेथे.

रविवारी प्रातःकाळी कंपनीच्या बसने कूच जाहले. बरंभाऊ खिडकीशी, शेजारी बाईसाहेब मौन धारण करोन, आणि पुढे संधीसाहेब सर्वांस पाण्याच्या बाटल्या वाटीत. मागील आसनावर आमच्या गल्लीचे दंतवैद्य, आणि त्यांजशेजारी गणिताचे निवृत्त मास्तर होते. यांणी वहीत आपला नफा दहा वर्षांपर्यंत मांडिला होता, आणि तो नफा खर्च कसा करावा या विवंचनेने त्यांस झोप येत नव्हती. तीन तास मजल मारोन फौज एका ओसाड माळावर उतरली. मधोमध लोखंडी मनोरा उभा, बाजूस राखाडी चिखलाचे तळे, आणि पंपाचा आवाज ऐसा की आपलाच विचार आपणांस ऐकू येईना. प्रत्येकास पिवळे शिरस्त्राण आणि रबरी बूट देण्यात आले. बरंभाऊंचे बूट तीन नंबरांनी मोठे. पाऊल पुढे जाई आणि बूट मागाहून विचार करोन येई.

कंपनीचे संचालक पांढरा कोट घालोन सामोरे आले. मनुष्य लबाड नव्हता, हे येथे नमूद करणे न्याय्य. त्यांचा स्वतःचा विश्वास इतरांहून दुप्पट होता, आणि तेच संकट. त्यांणी एक पांढरे फडके उंच धरिले. त्यावर काळाभोर डाग.

"हे बघा," संचालक पंपाच्या वरताण ओरडले, "आज सकाळी पाइपाबरोबर वर आलंय. खालून!"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले. दंतवैद्यांनी तो डाग भक्तिभावाने शिवोन पाहिला. फडके हातोहात फिरत बरंभाऊंकडे आले, आणि त्यांणी सवयीने ते नाकाशी नेले, आणि अंगठ्याने चोळिले, आणि उजेडाकडे धरिले. तीस वर्षे मेकॅनिकांचे डगले धुतलेला तो पुरुष. डाग पाहिला की त्याचे कूळ आणि मूळ दोन्ही सांगे. चेहऱ्यावर छाया आली. बाईसाहेबांनी ती ओळखिली, परंतु ओठ घट्ट मिटोन मनोऱ्याकडे पाहत राहिल्या.

नजीक चिखलाने माखलेल्या एक अभियंता बाई उभ्या होत्या, ज्या ती विहीर खरोखर खणीत होत्या. बरंभाऊंनी त्यांच्या कानाशी लागोन पुसिले, "हे ग्रीस आहे ना हो?"

बाईंनी फडक्याकडे पाहिले आणि नि:श्वास टाकिला. "पाइपाच्या आट्यांना लावतो ते. मी सकाळीच सांगितलं त्यांना. ते म्हणाले, बघू."

"मग खाली तेल नाही?"

"ते मला माहीत नाही, काका. कुणालाच नाही. आत्तापर्यंत वाळू आणि खारं पाणी लागलंय. आणखी चारशे मीटरवर असेलही, नसेलही. मला विचाराल तर मी माझ्या घरचे पैसे नाही घातलेले."

मग भोजनाच्या तंबूत मुख्य युद्धास तोंड लागले. लांब मेजावर ताटे मांडिली, आणि संचालक आणि संधीसाहेब हाती पेटी घेवोन एकेका भागीदारापाशी येऊ लागले, आणि चेक पेटीत पडू लागले. बरंभाऊंनी पहिला हल्ला केला. "न…" इतके निघाले, आणि संधीसाहेबांनी हसोन पाहिले, आणि त्या शब्दाचे "नमस्कार" जाहले. पहिली फळी मोडली. मग दुसरा हल्ला. डोळे मिटोन "नाही!" ऐसे ओरडले, परंतु पंप त्याहून मोठ्याने ओरडत होता. संचालकांस 'दही' ऐसे ऐकू आले, आणि त्यांणी तत्परतेने वाडगा मागविला. बरंभाऊ ते दही खाऊ लागले. बाईसाहेबांनी हातरुमालाची चिंधी होईस्तोवर पीळ दिला, परंतु वचन मोडिले नाही.

पेटी समोर आली. बरंभाऊंचा हात खिशाकडे गेला. चेक बाहेर निघाला. पेटीच्या तोंडाशी पोहोचला.

तोच नवा पाइप जोडावयाकरिता पंप थांबला. माळावर ऐसी शांतता पसरली की दंतवैद्यांचे चावणे ऐकू येऊ लागले. आणि त्या शांततेत बरंभाऊ म्हणाले, "नाही."

सर्व माना वळल्या. संचालकांनी पुसिले, "का?"

कवायतीत हे शिकविलेले नव्हते. हँगरांनी कधी 'का' विचारिले नव्हते. बरंभाऊंची मान बाईसाहेबांकडे वळली, आणि बाईसाहेब ताटाकडे पाहत होत्या. मग ते उठोन उभे राहिले.

"तो डाग ग्रीसचा आहे," ते म्हणाले. "उकळत्या पाण्यात सोडा घातला की निघतो. पण ते सोडा. खाली तेल असलं तरी मी नाही देणार. मला बॉयलर घ्यायचाय. माझ्याकडे दोघी जणी काम करतात. त्यांना मी काय, चारशे मीटर थांबा म्हणू?"

"भावोजी!" संधीसाहेब कळवळोन बोलले. "तुम्ही मला बरं म्हणाला होतात. सगळ्यांसमोर तोंडघशी पाडताय मला."

हा घाव वर्मी लागला. मेहुण्यांचा चेहरा खरोखर पडला होता, कानापर्यंत लाल, आणि हनुवटी थरथरत होती. हे दृश्य टाळावयाकरिताच तर बरंभाऊ जन्मभर बरं म्हणत आले. ते क्षणभर डळमळले. मग मेहुण्यांच्या खांद्यावर हात ठेविला.

"पाडतोय," ते म्हणाले. "मला वाईट वाटतंय. जेवायला ये बुधवारी. पण नाही."

आणि चेक फाडिला. उभा फाडिला, आडवा फाडिला, आणि वाऱ्याने तुकडे उडविले, आणि सहीचा तुकडा कोणाच्या हाती लागो नये म्हणोन त्यामागे धावले, आणि चिखलात एक बूट रुतोन राहिला, आणि एका पायाने उड्या मारीत तो तुकडा हस्तगत केला. ते शौर्य पाहोन मास्तर उठले, आणि पेटीत हात घालोन आपला चेक काढू लागले, आणि मग दंतवैद्य, आणि मग पेटीत इतके हात शिरले की कोणाचा हात कोणता हे कळेना. संचालक मटकन खाली बसले. अभियंता बाईंनी त्यांस पाणी दिले.

बसमध्ये बसतांच बाईसाहेबांचे मौन सुटले आणि तीन तास खंड पडला नाही.

पुढे कंपनीने विहिरीत सिमेंट भरोन ती बुजविली. खाली तेल होते किंवा नव्हते हे ईश्वर जाणे. संधीसाहेब दर बुधवारी जेवतांना म्हणतात की फक्त चाळीस फूट राहिले होते, आणि बरंभाऊ त्यांस आणखी पोळी वाढितात.

परंतु विजयाचा उन्माद वाईट. बरंभाऊंस नकाराची चटक लागली. गल्लीतले कोणी पुसो, दार लावू का, नाही. पाऊस येईलसे वाटते का, नाही. चहा घेणार का, नाही, आणि मग चहाच्या वासाने व्याकूळ होवोन बसत. सबब बाईसाहेबांनी तह ठरविला, की दिवसास तीन नकार, अधिक नाहीत, आणि त्यातला एक वर्गणीवाल्यांकरिता राखीव.

येणेप्रमाणे तेलविहिरीची मोहीम फत्ते जाहली. आपल्याकडील हानी: पहिला हप्ता, समुद्रकाठची सफर, रबरी बूट एक. प्राप्ती: बॉयलर नवा, दाबमापकासहित; सदरे डागरहित; इस्त्रीवरच्या दोघी कायम.

बॉयलर बसविला त्या सांजेस बाईसाहेब गल्ल्यामागे बसोन हळूच म्हणाल्या, "तिथे मी एक शब्दही बोलले नाही. राग आला होता माझा?"

बरंभाऊ म्हणाले, "नाही."

हा त्या दिवसाचा चौथा नकार होता. बाईसाहेबांनी तो मंजूर केला. इति दप्तरी दाखल.