टीव्हीकडे पाठ करून बसणाऱ्या जीजी

जीजी पिक्चर लावतात आणि स्वतः टीव्हीकडे पाठ करून बसतात. खुर्ची उलटी, चष्मा पदराने पुसलेला, मांडीवर लाल बांधणीची जाड वही आणि नजर सरळ तुमच्या तोंडावर. सव्वादोन तास तुम्ही पिक्चर बघायचा आणि सव्वादोन तास जीजी तुम्हाला बघणार. तुम्ही डोकं खाजवलंत की त्यांची पेन्सिल चालते. का खाजवलंत, हे नंतर विचारलं जातं.

पिक्चर एकच. 'कल की गाड़ी'. जुना, हिंदी, खुनाचा. सिग्नलच्या केबिनमध्ये काम करणारा एक माणूस भलत्याच मालगाडीत चढतो आणि ती गाडी त्याला आदल्या दिवशी नेऊन सोडते. त्याच्या थोरल्या भावाचा खून व्हायला अजून एक दिवस आहे. तो दिवस संपायच्या आत खुनी शोधायचा आणि परतीची गाडी पकडायची. झाशीत हा पिक्चर पाहिलेला माणूस भेटला, तर त्याने तो जीजींच्या माजघरातच पाहिलेला असतो, हे खुशाल समजा.

कारण जीजींच्या घरात शिरलेला कुणीही त्यातून सुटलेला नाही. गॅसवाला सुटला नाही, पाण्याची मोटर दुरुस्त करणारा सुटला नाही, जनगणनेला आलेल्या बाई तर चहाला म्हणून बसल्या आणि पिक्चर संपल्यावर उठल्या. शेवटी जीजी पेन्सिल रोखून म्हणतात, "तारीफ नको. राय द्या, राय!"

राय म्हणजे आपलं मत. जीजी मूळच्या झाशीजवळच्या गुरसरायच्या. घराणं मराठी, पण किती पिढ्यांपासून इकडचं ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात फडताळ, तस्त, माजघर हे आमच्या आजीच्या वेळचे शब्द असतात आणि त्यांच्याच शेजारी मांडी घालून हिंदी बसलेली असते. सगळा जन्म मुलींच्या शाळेत भूमिती शिकवली. त्यामुळे रायेलाही दहापैकी गुण मिळतात.

गॅसवाला म्हणाला होता, "मास्टरनी जी, खून सेठ ने किया. मूँछ देखते ही हम समझ गए थे."

"मूँछ गवाह होती है क्या, भैया? सिद्ध करो!" शून्य.

छावणीतले एक रिटायर सुभेदार म्हणाले, की स्टेशनमास्तर एवढा बेसावध असेल तर त्याचं काही खरं नाही. तीन. भुसावळहून बदलून आलेले रेल्वेचे गार्ड म्हणाले, पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर घेतल्याशिवाय मालगाडी सुटलीच कशी, मी त्या ड्रायव्हरची तक्रार केली असती. "हा माणूस पिक्चरच्या आत गेला होता," असं म्हणून जीजींनी त्यांना सात दिले. सातच्या वर त्या वेळेपर्यंत कुणी गेलं नव्हतं.

गंमत म्हणून हे ठीक होतं. पण जीजींच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. मोरीसकट, गच्चीसकट, खिडकीतून छावणीची चिंचेची झाडं दिसतात अशी. आणि ती खोली जीजी राय ऐकूनच देतात. बँकेतला एक बाबू, दोन दोन डिग्र्यांचा, पिक्चर संपल्यावर म्हणाला, "बहोत अच्छा था." जीजींनी त्याला बिऱ्हाडासकट परत पाठवलं. "ज्याला सगळंच छान वाटतं तो नळ उघडा टाकून जातो," म्हणाल्या.

आम्हाला ती खोली हवी होती.

आमचे हे फौजेत, झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत. मी सातारा जिल्ह्यातली, सातवीनंतर शाळा सुटलेली. धाकटी भावंडं सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून. क्वार्टरला नंबर लागायला वेळ होता आणि मी यांच्या एका दोस्ताच्या क्वार्टरवर पाहुणी म्हणून राहत होते. त्या दोस्ताची माणसं सोमवारी गावाहून यायची होती. सोमवारपर्यंत खोली मिळाली तर मी झाशीत, नाहीतर गाडीत बसून परत सासरी. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं एका छपराखाली सगळे मिळून तीन महिनेही राहिलो नव्हतो.

रविवारी दुपारी दोनला जीजींनी बोलावलं. फक्त मला. "जी घरात राहणार तिचीच राय," हा नियम. सातवीच्या परीक्षेनंतर मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

हे म्हणाले, "घाबरू नकोस. युनिटमधल्या पोरांनी तयारी करून ठेवलीये." आणि मला एक वाक्य पाठ करायला दिलं : 'शेवट विचार करायला लावणारा आहे आणि काळापुढे माणूस किती छोटा असतो ते कळतं.' मी ते भाकऱ्या थापताना म्हटलं, केस विंचरताना म्हटलं, इलाइट चौराह्यावर टेम्पो बदलताना म्हटलं. शेजारची बाई सरकून बसली.

पिक्चर सुरू झाला. समोर टीव्ही आणि टीव्हीच्या खाली जीजींचा चेहरा. खुनी कुठे लपलाय ते बघू की जीजी काय लिहितायत ते बघू, मला कळेना. पण अर्ध्यावर मी जीजींना विसरले. मग वाक्यही विसरले. 'समाप्त' आलं तेव्हा एकदम आठवलं.

"हं, बेटा. राय."

मी उभी राहिले. उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. एका दमात म्हटलं, "शेवट विचार करायला लावणारा आहे आणि काळापुढे माणूस किती छोटा असतो ते कळतं."

जीजींनी वहीची पानं मागे उलटली. "हे वाक्य माझ्याकडे तीनदा आहे. एक नायक, एक लान्स नायक, एक ड्रायव्हर. तिघं एकाच पलटणीचे." चष्म्यावरून बघितलं. "तुझे हे बबिन्याचे ना गं?"

मेले असते तर बरं झालं असतं. खोली गेली, यांचं नाव गेलं, पलटणीचंही गेलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं.

"रडून राय होत नाही," जीजी म्हणाल्या, पण आवाज शाळेतला नव्हता. "पिक्चर बघताना मधे तू हात पुढे केलास. असा. काहीतरी उचलायला जावं तसा. मी लिहून ठेवलंय. काय होतं तिथे?"

मग माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं. "ते ताट, जीजी. तो आदल्या दिवशी घरी जातो ना, तर आई त्याला जेवायला वाढते. तो म्हणतो, नंतर, आणि पळतो. आई ताटावर दुसरं ताट झाकते. मला वाटलं, परत येऊन जेवेल. पण ते ताट पुन्हा दाखवलंच नाही. मला पुढचा खून नीट कळलाच नाही. मी ताटाचाच विचार करत होते. गावाकडून निघताना मीपण आईला म्हटलं होतं, गाडी चुकेल, नको वाढू."

जीजींची पेन्सिल हलली नाही.

"कुठलं ताट?"

"आहे ना. केबिनचा मोठा सिग्नल दाखवतात, त्याच्यानंतर."

"मला नाही माहीत," जीजी म्हणाल्या. पिक्चरमधली कुठली शिट्टी कितव्या मिनिटाला वाजते हे सांगणारी ही बाई. "दाखव."

त्यांनी खुर्ची फिरवली. जड सागवानी खुर्ची, फरशीवर मोठ्यानं करकरली. मी रिमोट घेऊन पिक्चर मागे नेला. सिग्नल आला, घर आलं, आई आली. ताट झाकलं गेलं. जीजी पुढे वाकून बघत होत्या.

"खरंच की गं," त्या म्हणाल्या. "तेव्हाही असणार हे. मी बघितलं असेल."

"तेव्हा कधी?"

"लग्नानंतर. इलाइटजवळच्या टॉकीजमध्ये यांनी नेलं होतं. यांचा तीनदा पाहून झालेला. मला आणलं आणि स्वतः पिक्चर सोडून माझ्याच तोंडाकडे बघत बसले. इतकी लाज वाटली मला! मी मान वळवलीच नाही." टीव्हीवर तो माणूस रुळांवरून धावत होता. "टांग्यातून येताना सारखं विचारत होते, सांग ना, तुला कसा वाटला, खुनी कधी कळला. मी नवी नवरी. म्हटलं, छान होता. मनात ढीगभर होतं. म्हटलं, ड्यूटीवरून आले की सांगू."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. तिथे गार्डाच्या कोटातल्या एका तरुणाचा फोटो होता, त्याच्या हाराची फुलं ताजी होती.

"एवढं काय असतं त्यात बघण्यासारखं, दुसऱ्याच्या तोंडात?" जीजी म्हणाल्या. "ते कळावं म्हणून बसते अशी. असतं गं. पुष्कळ असतं."

बाहेर फाटक वाजलं. हे बबिन्याहून आले होते, खांद्यावर काळी ट्रंक, निकाल लागायच्या आधीच. मी घाबरून उठले.

"जीजी, मग खोलीचं?"

"बैस," जीजी म्हणाल्या. माझं मनगट धरून त्यांनी मला शेजारी बसवलं. डोळे टीव्हीवरून हलले नाहीत. खिडकीतून आवाज मात्र दिला, "भैया, संदूक ऊपर रख दो. जीना बाईं तरफ है. और आहिस्ता, आम्ही दोघी पिक्चर बघतोय."