सर्व्हर आणि रत्नामावशीचा डबा

आमच्या घरी सर्व्हर बसवला त्या दिवसापासून फायली स्टीलच्या डब्यातून जाऊ-येऊ लागल्या. कुणी फोटो पाठवला की ओट्यावर डबा वाजतो. झाकण उघडायचं आणि फोटो काढून घ्यायचा.

कल्पना आईची. मी बाळंतपणाला साताऱ्याला आले होते. नातवाचे फोटो कुठल्या तरी कंपनीकडे पडून असतात हे कळल्यावर ती म्हणाली, "आपलं लोकांच्या घरी कशाला ठेवायचं? आपल्याकडे काय जागा नाही?" मग मी जुना कॉम्प्युटर पुसून घेतला, त्यात मोठी डिस्क घातली. आईनं तो मांडणीवर पिठाच्या डब्याशेजारी बसवला आणि हळदकुंकू वाहिलं.

सुरक्षेचे नियम सर्व्हरने स्वतःच ठरवले. ज्याला प्रवेश हवा त्याच्या नावाचा डबा हवा, आणि ज्याचं नाव त्याच्याच हाताने झाकण उघडणार. मी नातेवाइकांचे डबे नावं कोरून घ्यायला भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. नलूआत्याच्या डब्याशी कारागीर थांबला. "माहेरचं नाव का सासरचं?" मी सर्व्हरला फोन जोडून दिला. दोघांची बराच वेळ चर्चा झाली आणि सासरचं ठरलं. पुढे आमच्या घरातल्या काकांनी तिचा डबा उलथन्याने उघडायचा प्रयत्न केला. उलथनं वाकलं.

बारसं झालं आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हर अडून बसला. फोटो कुठे म्हणून सासरहून फोनावर फोन.

"घरात अनोळखी नावाचा डबा आहे," सर्व्हर म्हणाला. "तो मालकाकडे पोचेपर्यंत व्यवहार बंद राहतील."

मी सगळ्या फळ्या उपसल्या. सगळ्यात वर, पुरणयंत्राच्या मागे, डबा सापडला. त्यावर नाव होतं सौ. रत्नप्रभा घोरपडे. बेळगावची रत्नामावशी, आईची सख्खी बहीण. दोघी कित्येक वर्षं बोलत नाहीत. बारशालाही तिला बोलावणं नव्हतं, आणि पाळण्याशी उभी असताना आई सारखी दाराकडे बघत होती.

आई खाली बसली. "तिनं यातून चकल्या पाठवल्या होत्या गं. रिकामा डबा कसा परत द्यायचा? म्हटलं, काहीतरी छान करून घालू. मग माझं गुडघ्याचं निघालं, मग तुझं लग्न. नंतर इतका उशीर झाला की नुसते लाडू घालणंही बरं दिसेना. ती सगळ्यांना सांगत सुटली, शकूनं माझा डबा ढापला."

"आणि तू?"

"मी म्हटलं, जा, नाही देत."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

"आता काय घालू यात?" आईने सर्व्हरलाच विचारलं.

"डबा रिकामा नसावा एवढीच अट आहे," सर्व्हर म्हणाला. "किती भरावा याची नाही."

आईने चिमूटभर साखर घातली. वर बाळाचा फोटो ठेवला, झाकण लावलं. डबा ओट्यावरून नाहीसा झाला.

"तिनं उघडलाच नाही तर?" आईने पदराने ओटा पुसला. मग परत पुसला.

"झाकण उघडलं," सर्व्हर म्हणाला.

थोड्या वेळाने ओट्यावर दणकन आवाज झाला. तोच डबा, आता चांगला जड आणि कोमट. बेळगावच्या खव्याच्या कुंद्याचा वास सुटला होता. आईने झाकण ओढलं, मी ओढलं, काकांनी वाकडं उलथनं आणलं. काही उपयोग झाला नाही, आणि तो डबा परत घरात आल्यामुळे सर्व्हरही पुन्हा अडून बसला.

शेवटी आईने फोन लावला. "रत्ने, उघडत नाहीये."

"उघडेल कसा?" पलीकडून मावशीचा आवाज आला. "माझं नाव आहे त्यावर. थांब, येते मी."

संध्याकाळच्या एसटीने ती आली. चपला काढल्या, बाळाकडे न बघता थेट ओट्याशी गेली आणि एका हाताने झाकण उघडलं. मग दोघी बहिणी कुंदा खायचा सोडून रडत बसल्या. सासरच्यांना फोटो त्याच वेळी पोचले.

चार दिवस राहून मावशी गेली. जाताना डबा इथेच ठेवून गेली. सर्व्हरने हरकत घेतली नाही. नाव आता ओळखीचं होतं.