तांबड्या फौजेची कुमक आणि रामनगरची सनद

श्रीगजाननचरणी मस्तक ठेवून रामनगरच्या एका मुदपाकखान्याचा करीना लिहितो, तो तमाम जेवणाऱ्यांनी हात धुवून वाचावा.

राजश्री शिवानंदराय खानावळवाले यांस या मोहिमेत लाभ काय, ते आधी मांडू. स्वच्छतेची सनद मिळाली तर गोव्याच्या वाटेवरील सहलीच्या गाड्या दारी थांबणार. न मिळाली तर दारास कुलूप. आणि मुदपाकखाना तर गनिमाने, म्हणजे झुरळांनी, पिढीजाद वतन समजून व्यापिलेला. अशात खबर आली की तपासणीचे साहेब उदईक स्वारी करणार. औषध फवारावे तर वास साहेबांचे नाकी भरेल. मग रायांनी गुंद गावचे मेहुणे धाकलू यांस फोनवरून फर्माविले, की आंब्यावरील तांबड्या मुंग्यांची फौज कुमकेस आणावी, ती झुरळ जिवंत ठेवीत नाही.

घरधनीण केशरबाईंनी हरकत घेतली, "मुंग्या येतील वो, पण जावा म्हणून त्यांस्नी कोण सांगणार?"

ती हरकत दफ्तरी पडली. धाकलू पानांची दोन घरटी पोत्यात घालून, स्वतःची एक पापणी सुजवून दाखल जाहले, आणि फौज सुटली, आणि गनीम पायमाल होऊन उरलासुरला शेजारच्या चहाच्या टपरीत आश्रयास गेला. मग फौजेने फळी घेतली, मग साखरेचा डबा घेतला, मग झाऱ्याचा दांडा घेतला, आणि खासे शिवानंदराय लुंगी झटकीत ओसरीवर हटले. सकाळी साहेबांची जीप वळणावर दिसली तरी मुलूख मुंग्यांचाच.

"सरा बाजूला," म्हणून केशरबाई झाडू घेऊन आत शिरल्या, आणि समस्त फौज तापल्या तव्यात लोटिली, आणि मिरची, लसूण, मीठ घालून पाट्यावर वाटिली.

साहेबांनी फळी पाहिली, झुरळ एक नाही. मग पाट्यावर नजर गेली.

"राव, ह्यात मुंगी हाय."

"मुंगी नसंल तर ती चटणी कसली, साहेब?" केशरबाई म्हणाल्या.

साहेबांचे आजोळ कॅसलरॉकचे, तिकडे रानात मुंग्यांची चटणी घरोघरी. त्यांनी बोट लाविले, चाखिले, आणि मांडी घालून बसले. दोन ताटे जेवून शेरा मारिला, की स्वयंपाकघर निर्मळ, चटणी उत्तम, पाहुण्यांस अवश्य वाढावी.

सनद भिंतीवर चढली. गाड्या थांबल्या आणि जो तो चटणीच मागू लागला. तेव्हा केशरबाईंचे फर्मान सुटले, "फौज तुमची, मोहीम तुमची. आता झाडावर तुमीच चढा आन् वाटा पण तुमीच. धाकलूला फोन करायचा न्हाई."

आता हिशेब. मुंग्या गारद. धाकलूंची पापणी आठ दिवसांनी उघडली. साहेबांनी दोन ताटांचे मोल विचारिले नाही, कोणी सांगितलेही नाही. झुरळे माघारी येऊन सनदेच्याच चौकटीमागे ठाणे करून आहेत. आणि शिवानंदराय रोज पहाटे आंब्यावर, मग पाट्यावर, मग मुंग्यांच्या डंखांवर सर्वांगास चुना फासून गल्ल्यावर. फत्ते त्यांचे नावे लिहिली, ती त्यांचेच अंगावर उठली, हे येणेप्रमाणे रुजू केले असे.