गाजर की कांदा

घराच्या पायातलं सौंसरमध्ये आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं रघुनाथराव सांगत. काळ्या जमिनीवर त्यांनी दोन घरं बांधली होती आणि दोन्हींच्या भेगांतून शेजाऱ्यांचा टीव्ही स्वच्छ दिसे. आता तिसरं बांधायला काढलं. हेही तडकलं तर आपण रामाकोन्याला भावाकडे राहायला जाऊ, असं त्यांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी, शांतपणे सांगून ठेवलं होतं.

"पायाचा खांब खाली निमुळता पायजे," रघुनाथराव म्हणाले. "गाजरासारखा. घुसते अन् बसते."

सून चंचल सिव्हिल इंजिनियर. ती म्हणाली, "मामाजी, घुसवायचा नाही, त्याच्यावर घर पेलायचं आहे. बुडाशी कांद्यासारखा फुगवू. रुंद बूड वजन जास्त घेते. अन् पावसात माती फुगून घराले वर ढकलते, तवा थो फुगवटा खालीच अडकून राहते."

"गाजर."

"कांदा, मामाजी."

"दोन्ही गाडा अन् उपटून पाहा," विजयमालाबाई म्हणाल्या.

निकाल येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावा म्हणून रघुनाथरावांनी दोन्ही खांब फाटकातच ओतून घेतले, दहा-दहा फूट खोल. महिन्याभरानं विहिरीतले पंप काढणारा मधुकर लोखंडी तिपाई आणि चेनपुली घेऊन आला. गाजर जरा करकरलं आणि मुळ्यासारखं निघालं.

"त्याले सिमेंट कमी पडलं," रघुनाथराव म्हणाले.

मग कांदा. साखळी ताठ झाली. मधुकर घामानं निथळून ओढत राहिला.

"येऊन राहिला बे, येऊन राहिला," रघुनाथराव म्हणाले.

मधुकरनं खाली पाहिलं. "भाऊ, खांब जागीच आहे. तिपाई खाली जाऊन राहिली."

तिपाईचे तिन्ही पाय वीतभर जमिनीत रुतले होते. रघुनाथरावांनी चपला काढल्या, जवळ जाऊन खांबावर तळहात ठेवला आणि देवळात बोलावं तसं म्हणाले, "वरून तं काहीच दिसत नाही. सारं खालीच आहे."

"अन् घर?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"सारे कांदे."

संध्याकाळी मुलगा वैभव संत्र्यांचा ट्रॅक्टर घेऊन आला आणि फाटकाबाहेरच अडकला. "बाबा, हा खांब वरून फोडून टाकू का? दोनच फूट तं आहे."

"हात लावू नको त्याले," रघुनाथराव म्हणाले. "फाटक सरकव. अन् कुठं सरकवायचं, थे तुह्या बायकोले विचार."